कलमाची जात आणि पेशीतील दप्तर

फळझाडाची लागवड ही एका हंगामाची गोष्ट नव्हे. भाताचे बियाणे फसले तर एका वर्षाचे पीक जाते. आंब्याचे कलम फसले तर बागायतदाराच्या आयुष्यातील कित्येक वर्षे जातात. खड्डा, शेणखत, कुंपण, उन्हाळ्यातील पाणी, राखण हा सारा खर्च करून झाल्यावर पहिली फळे हाती येतात आणि तेव्हा कळते की, हापूस म्हणून लावलेले झाड हापूस नव्हेच. अशा वेळी दाद मागावी तर पावती नाही आणि विक्रेत्याचा ठावठिकाणाही नाही.

तळेरे हे मुंबई-गोवा महामार्गावरील गाव. येथून पश्चिमेस विजयदुर्गाकडे व पूर्वेस वैभववाडी-गगनबावड्यावरून कोल्हापूरकडे रस्ते फुटतात. अशा नाक्याच्या गावी पावसाच्या तोंडावर रोपांची खरेदी-विक्री चालावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु कोवळ्या रोपाच्या पानांकडे पाहून त्याची जात खात्रीने सांगणे जाणत्या माळ्यालाही कठीण पडते. मग जात असते तरी कोठे? ती कोठे लिहिलेली असते, कोणत्या मार्गाने पुढच्या पिढीत उतरते आणि कोणत्या उपायांनी ती मुळीच बदलत नाही, हे ज्याला समजले तो रोप घेताना योग्य प्रश्न विचारील. सबब डीएनए आणि आरएनए ही दोन नावे प्रयोगशाळेच्या चार भिंतींत न राहता शेताच्या बांधावर यावयास हवीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेशीतील मूळ दप्तर

प्रत्येक सजीवाचे शरीर सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. वनस्पतीच्या पेशीत केंद्रक असते व त्या केंद्रकात गुणसूत्रे असतात. आंब्याच्या पेशीत ती ४०, नारळाच्या पेशीत ३२ व भाताच्या पेशीत २४ असतात. गुणसूत्र म्हणजे डीएनए नावाच्या अत्यंत लांब व बारीक धाग्याची प्रथिनांभोवती गुंडाळून केलेली गुंडीच होय.

हा पदार्थ प्रथम १८६९ साली फ्रीडरिश मीशर या स्विस शास्त्रज्ञास सापडला, तोही रुग्णालयातील जखमांच्या पट्ट्यांवरील पुवात. त्याचे महत्त्व पुढे पाऊणशे वर्षे कोणाच्या ध्यानी आले नाही. आनुवंशिक गुण या पदार्थातूनच उतरतात, हे १९४४ साली ॲव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतूंवरील प्रयोगांनी दाखविले. १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी त्याची रचना मांडली. या शोधास रोझलिंड फ्रँकलिन या विदुषीच्या प्रयोगशाळेत घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रांचा मोठा आधार होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

ही रचना समजण्यास कठीण नाही. दोराची एक शिडी घ्यावी व तिला पीळ घालावा. शिडीच्या दोन बाजूंचे दोर म्हणजे शर्करा व स्फुरद यांची साखळी. मधल्या पायऱ्या चार घटकांच्या बनलेल्या असतात: ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन. प्रत्येक पायरी दोन घटक जुळून होते, आणि ही जुळणी वाटेल तशी होत नाही. ॲडेनीनसमोर थायमीनच येते व ग्वानीनसमोर सायटोसीनच येते. त्यामुळे एका बाजूचा क्रम ठाऊक असला की दुसऱ्या बाजूचा आपोआप ठरतो. पेशीचे विभाजन होताना शिडी मधोमध उकलते, प्रत्येक अर्ध्या भागासमोर त्याचा जोडीदार नव्याने तयार होतो आणि एका दप्तराची दोन दप्तरे होतात. दोन्ही नव्या पेशींना संपूर्ण दप्तर मिळते. मुळीच्या टोकाशी असलेल्या पेशीतही तेच व मोहोराच्या पेशीतही तेच.

चार घटक म्हणजे जणू चार अक्षरे. त्यांच्या क्रमात झाडाच्या गुणांचा मजकूर लिहिलेला असतो. या मजकुरातील एकेका अर्थपूर्ण भागास जनुक म्हणतात. भाताचा मजकूर सुमारे ३९ कोटी अक्षरांचा आहे. तो वाचण्याचे काम अनेक राष्ट्रांनी मिळून २००५ साली पूर्ण केले व त्यात भारतीय शास्त्रज्ञांचाही वाटा होता.

येथे खताचा एक मुद्दा सहज लक्षात येण्याजोगा आहे. शिडीच्या दोरात स्फुरद आहे व पायऱ्यांत नत्र आहे. झाड एक नवी पेशी घडविते त्या प्रत्येक वेळी त्याला संपूर्ण दप्तराची नवी प्रत लिहावी लागते आणि त्यासाठी ही दोन्ही द्रव्ये लागतात. आपल्या जांभ्या जमिनीत लोह व ॲल्युमिनियम स्फुरदास बांधून ठेवतात. म्हणून ते मुळांच्या सान्निध्यात व सेंद्रिय खताच्या जोडीने द्यावे, या नेहमीच्या शिफारशीमागील एक कारण थेट पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचते.

नक्कल आणि तिचे काम

गावचे मूळ दप्तर कोणी काखोटीस मारून शेतावर नेत नाही. ते जागेवर राहते. ज्याला ज्या गटाचे काम असेल त्या गटाच्या सातबाराची नक्कल काढून दिली जाते व काम संपले की त्या नकलेचे महत्त्वही संपते. पेशीत हेच घडते. डीएनए केंद्रकात राहतो. ज्या जनुकाची गरज असेल तेवढ्याच भागाची नक्कल उतरविली जाते. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए.

आरएनएची घडण डीएनएसारखीच असली तरी तीन भेद आहेत. तो बहुधा एकपदरी असतो, त्यातील शर्करा किंचित निराळी असते आणि थायमीनच्या जागी युरासील हा घटक असतो. तो अल्पायुषीही असतो. ही नक्कल केंद्रकाबाहेर येऊन रायबोसोम नावाच्या सूक्ष्म कारखान्यात पोचते. तेथे तिची अक्षरे तीन-तीन करून वाचली जातात. अशी तीन अक्षरांची ६४ पदे होतात. त्यांपैकी ६१ पदे २० अमिनो आम्लांची नावे सांगतात आणि उरलेली तीन ‘येथे थांबा’ अशी आज्ञा देतात. वाहक आरएनए नावाचा दुसरा प्रकार एकेक अमिनो आम्ल आणून देतो व ती ओवली जाऊन प्रथिन तयार होते. खुद्द रायबोसोमही मुख्यत्वे आरएनएचाच बनलेला असतो. पानाचा हिरवेपणा, फळाची गोडी, सुगंध, देठाची बळकटी ही सारी अखेर या प्रथिनांच्या कामाची फळे होत.

तीन अक्षरांच्या या लिपीचा उलगडा करणाऱ्यांत डॉ. हरगोविंद खोराना हे अग्रभागी होते. पंजाबातील रायपूर या लहानशा खेड्यात १९२२ साली त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील गावचे पटवारी, म्हणजे आपल्याकडील तलाठी, होते. १९६८ साली नीरेनबर्ग व होली यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. खेड्यातील मुलाच्या बुद्धीला हा विषय परका नाही, याचा याहून वेगळा पुरावा नको.

मूळ दप्तर व नक्कल हा भेद मनात पक्का झाला की शेतकऱ्याच्या उपयोगाचे दोन धडे निघतात.

पहिला धडा: जात दप्तरात असते

हापूसच्या कोयीपासून हापूस होत नाही, हे कोकणात लहान मुलासही ठाऊक आहे. त्याचे कारण असे की, हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो व तो परागीकरणातून जन्मतो. त्याचे निम्मे दप्तर मातेकडून येते व निम्मे ज्या झाडाचा पराग आला त्याच्याकडून. शिवाय पाने उलटसुलट पिसली जातात ती वेगळीच. म्हणून प्रत्येक कोय ही एक नवी जात असते. कलम मात्र तसे नाही. कलमकाडी ही मूळ झाडाचाच तुकडा असल्यामुळे तिच्यातील दप्तर जसेच्या तसे राहते. गोव्यातून पोर्तुगीज काळात पसरलेल्या कलमविद्येने हापूस टिकविला आहे, तो या एका कारणाने.

कोयकलमाच्या झाडात वस्तुतः दोन दप्तरे नांदत असतात. जोडाखालील खुंट रायवळाचा व जोडावरील भाग हापूसचा. जोडाखालून फुटलेली फांदी रायवळाचीच असते. तिला कितीही खत घातले तरी ती हापूस होत नाही. उलट ती जोमाने वाढून वरची कलमकाडी दडपून टाकते. खुंटावरील फूट वेळोवेळी काढून टाकावी, हे आपण वर्षानुवर्षे सांगतो. त्याचे कारणही सांगितले तर सूचना अधिक पाळली जाईल.

रातांब्याचे म्हणजे कोकमाचे उदाहरण याहून बोलके आहे. या झाडात नर व मादी निराळे असतात. बियांपासून केलेल्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात, आणि हे कळते ते सहा-सात वर्षांनी फुले आल्यावर. फळ न देणाऱ्या झाडांना तोपर्यंत घातलेले पाणी व्यर्थ जाते. मादी झाडाच्या काडीचे कलम लावले तर हा प्रश्न उद्भवत नाही. काजूचेही तेच. परपरागीकरणामुळे बियांच्या रोपांत एकसारखेपणा राहत नाही. वेंगुर्ला-४ वा वेंगुर्ला-७ हे वाण हवे असेल तर त्याचे कलमच घ्यावे लागते.

भातात परिस्थिती निराळी आहे. भाताचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून सुधारित वाणाचे बी नीट निवडून काही वर्षे घरचे वापरता येते. पण कर्जतच्या केंद्राने काढलेल्या सह्याद्रीसारख्या संकरित वाणाचे बी घरी ठेवले तर पुढील पिढीत पाने पुन्हा पिसली जातात व शेतात उंच-बुटकी, लवकर-उशिरा पिकणारी अशी मिसळ दिसू लागते. हा दोष विक्रेत्याचा नसतो व जमिनीचाही नसतो.

पानांची ही अदलाबदल सोयीची कशी करून घेता येते, हेही आपल्या जिल्ह्यानेच दाखविले आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम व हापूस यांच्या संकरातून निघालेला रत्ना आंबा १९८१ साली प्रसारित झाला. त्यात हापूसला पीडणारा साका आढळत नाही. पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून अत्यंत पातळ कोयीचा सिंधू १९९२ साली आला.

दुसरा धडा: दप्तर असून भागत नाही, ते वाचले जावे लागते

मुळी व मोहोर यांतील दप्तर एकच. मग मुळीला मोहोर का फुटत नाही? कारण प्रत्येक ठिकाणी निरनिराळ्या जनुकांच्या नकला निघतात. कोणती नक्कल केव्हा निघावी हे झाडाचे वय, ऋतू, पाणी, तापमान व अन्न यांवर अवलंबून असते.

पुराच्या पाण्यात तग धरणारे स्वर्णा-सब१ हे भाताचे वाण याचा उत्तम दाखला आहे. ओडिशातील एफआर-१३ए या जुन्या भातात बुडीत सहन करण्याचा गुण होता. तो ज्या जनुकामुळे येतो त्याचा शोध २००६ साली प्रसिद्ध झाला व डीएनएच्या खुणा पाहून तो स्वर्णा या वाणात आणण्यात आला. २००९ साली ते वाण भारतात प्रसारित झाले. हे जनुक रोपात सदैव असते, परंतु त्याची भरपूर नक्कल निघते ती रोप पाण्याखाली गेल्यावर. मग रोप उंच होण्याचा खटाटोप सोडून अन्नसाठा राखून ठेवते व सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही पुन्हा उभे राहते.

हापूसच्या एकाआड एक वर्ष येणाऱ्या मोहोराकडेही याच दृष्टीने पाहावे. मोहोराच्या वर्षी व रिकाम्या वर्षी झाडाचे दप्तर एकच असते. थंडीने पानांत मोहोराचा संदेश तयार होतो. जोमदार पालवीचा जोर असला तर तो मागे पडतो. कल्टार या नावाने परिचित असलेले पॅक्लोब्युट्राझोल झाडातील वाढीचे एक संजीवक तयार होण्यास अडथळा आणते, म्हणून पालवी थांबून मोहोरास अवसर मिळतो. ते जात बदलीत नाही, दप्तरातील एक अक्षरही बदलीत नाही. म्हणूनच अमुक औषध घातल्याने रायवळ हापूससारखा होईल, अमुक द्रावणाने बियाण्याचा डीएनए सुधारेल, असे कोणी सांगू लागल्यास ते ऐकून घेऊ नये. खत, पाणी व संजीवके यांचा अंमल नकलांवर चालतो. मूळ दप्तरावर चालत नाही. दप्तरातील अक्षरे मुद्दाम बदलावयाची तर ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राप्रमाणे किरणोत्सर्गाचा उपयोग करावा लागतो व पुढे कित्येक पिढ्यांची निवड करावी लागते. भुईमुगाचे टीएजी-२४ हे लोकप्रिय वाण त्याच केंद्राच्या अशा परिश्रमातून आलेले आहे.

हाच विचार विषाणूंना लावावा. पपईवरील रिंगस्पॉट रोगाचा विषाणू म्हणजे प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेला आरएनए होय. तो पेशीत शिरतो व तिच्याच कारखान्यात आपली नक्कल वाचून घेतो. पेशीचा कारखानाच परक्याच्या चाकरीस लागल्यावर बाहेरून केलेली फवारणी त्याला बरा करीत नाही. म्हणून रोगट झाड उपटून नष्ट करणे, मावा आटोक्यात ठेवणे व निरोगी रोपे लावणे एवढेच उपाय उरतात.

डीएनए चाचणीकडून काय अपेक्षावे

आजकाल डीएनए तपासणी म्हणजे सर्व वादांवरील अंतिम निकाल, असा समज दिसून येतो. तो निम्माच खरा आहे. पानाच्या एका तुकड्यावरून हे रोप हापूसचे आहे की नाही, हे तपासणी सांगू शकते. रोपवाटिकेतील मातृवृक्षांसाठी ती फार मोलाची आहे. परंतु देवगडच्या बागेतील हापूस व कर्नाटकात लावलेला हापूस हे दोन्ही एकाच मूळ वंशाची कलमे होत. इतक्या वर्षांत क्वचित कोठे एखादे अक्षर बदलले असले तरी मजकूर बहुतांशी एकच आहे. फळात जो फरक पडतो तो मुख्यत्वे जमीन, हवा व समुद्रकाठचे वातावरण यांमुळे. म्हणजे दप्तरामुळे नव्हे, तर ते कसे वाचले गेले त्यामुळे.

सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते या स्थानमाहात्म्यासाठी. त्याचे रक्षण प्रयोगशाळा एकटी करू शकणार नाही. बागेची नोंदणी, पेटीवरील खरा पत्ता व आपल्याच बागायतदारांची सचोटी यांनीच ते होईल. दुसरीकडचा आंबा आपल्या पेटीत भरून विकणारा मनुष्य शेजाऱ्याच्या बागेचे मोल कमी करतो, हे स्पष्टपणे बोलले गेले पाहिजे.

आपण काय करावे

हे सारे शेतकऱ्याला कशाला सांगावे, त्याला अमुक करा व अमुक करू नका एवढे पुरे, असा आक्षेप घेतला जातो. मला तो मान्य नाही. आज्ञा तेवढी पाठ असलेला शेतकरी नव्या फसवणुकीपुढे निरुपाय होतो. कारण ठाऊक असलेला शेतकरी ती ओळखतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी पुढाकार घ्यावा, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

(१) कलमे परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावीत. १९६९ च्या महाराष्ट्र फळ रोपवाटिका अधिनियमाने परवान्याची सोय फार पूर्वीच केलेली आहे. खरेदी करताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत: मातृवृक्ष कोठे आहे, कलमकाडी केव्हा काढली व खुंट कशाचा आहे? उत्तर न मिळाल्यास कलम स्वस्त असले तरी घेऊ नये.

(२) पावतीवर जातीचे नाव लिहून घ्यावे. बागेचा साधा नकाशा काढून कोणत्या रांगेत कोठून आणलेली कलमे लावली ते टिपून ठेवावे. पेशी आपले दप्तर चोख ठेवते, बागायतदारानेही ठेवावे.

(३) गावातील उत्तम, नियमित फळणाऱ्या जुन्या झाडांची, विशेषतः रायवळ आंबे, मादी रातांबे व फणस यांची, नोंद करावी. असे झाड तुटले की त्याचे दप्तर कायमचे गेले. ते पुन्हा लिहिता येत नाही.

(४) शाळेत वा शेतकरी मेळाव्यात पुढील प्रयोग करून दाखवावा. अर्धे पिकलेले केळे कुस्करून त्यात अर्धा पेला पाणी, अर्धा चमचा मीठ व दोन चमचे भांडी घासण्याचा पातळ साबण घालून हलक्या हाताने ढवळावे. दहा मिनिटांनी स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यावे. गाळलेल्या रसावर, पेल्याच्या कडेने, थंड केलेले सर्जिकल स्पिरिट तितकेच हळूच सोडावे. साबणाने पेशींची आवरणे फुटतात, मिठाने धागे एकत्र येतात व स्पिरिटमध्ये डीएनए विरघळत नाही. त्यामुळे थोड्याच वेळात पांढरट तंतूंचा पुंजका वर तरंगू लागतो. त्यात इतर पदार्थांचीही थोडी भेसळ असते, परंतु केळ्याचे दप्तर त्यातच आहे. स्पिरिट ज्वालाग्राही आहे. ते विस्तवापासून दूर ठेवावे व प्रयोगातील द्रव कोणी तोंडात घालू नये.

आपल्या जिल्ह्याची संपत्ती आंबा, काजू, नारळ व रातांबा यांच्या बागांत आहे आणि त्या बागा आज लावणारा मनुष्य पुढील पिढीसाठी लावीत असतो. जमिनीची खरेदी करताना सातबारा पाहिल्यावाचून कोणी पैसे मोजीत नाही. कलमाचीही तीच चौकशी करण्याची सवय यंदाच्या पावसाळ्यापासून गावोगावी लागली, तर अनेक बागायतदारांची कित्येक वर्षे वाचतील.